दुपारचं पडणं : पार्किन्सन्सच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

रुग्ण अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त आरेखक. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू, म्हणून इथेही तसंच लिहिते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पार्किन्सन्सचं निदान होऊन सात वर्षं झाली होती. आधीच्या तीन-चार महिन्यांत काका घरातल्या घरात वारंवार पडू लागले. एकदा मनगटाचं हाड मोडलं आणि प्लास्टर निघाल्यावर कुटुंबाने मला फिजिओथेरपीसाठी बोलावलं. मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं : "आजार वाढलाय, पाय कमजोर झालेत. तुम्ही ताकदीचे व्यायाम द्या, औषध वाढवायचं डॉक्टरांशी बोलतो."

पहिल्या भेटीत मी पायांची ताकद तपासली. खुर्चीतून हात न टेकता काका पाच वेळा सलग उठले-बसले, तेही बऱ्यापैकी वेगात. भेट सकाळी दहाची होती. चालणं थोडं वाकलेलं, उजवा हात कमी हलणारा, पण पावलं पुरेशी लांब. मागून खांद्यांना हलका झटका दिला तर दोन पावलं मागे जाऊन ते स्वतः सावरले. हा माणूस आठवड्यातून दोनदा पडतो, हे त्या वेळच्या तपासणीशी जुळत नव्हतं. तेव्हा कुठे पडता, कसे पडता, हे बाजूला ठेवून मी विचारलं, "किती वाजता पडता?" घरात कुणालाच नीट सांगता आलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "दुपारीच बहुतेक. माझं आवरायचं असतं तेव्हा."

आजाराची मागची वाट

सुरुवात उजव्या खांद्यापासून झाली होती. खांदा आखडला, वर्षभर त्यावर शेक आणि व्यायाम झाले, फरक पडला नाही. त्याच सुमारास अक्षर बारीक होऊ लागलं. ज्यांचा हात आयुष्यभर आराखड्यांवर चालला, त्यांना हे पहिल्यांदा जाणवलं ते सहीत : ओळीच्या शेवटी आडनाव आक्रसून जायचं. हाताची थरथर त्यानंतर आली, आणि थरथर आली तेव्हाच निदान झालं. मागे वळून विचारल्यावर काकूंनी सांगितलं की त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून काका झोपेत हातपाय झाडायचे, ओरडायचे. वास येणंही कमी झालं होतं. बद्धकोष्ठ तर जुनाच सोबती. पार्किन्सन्समध्ये ही लक्षणं हालचालींच्या लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. पण ती एकेकटी दिसतात तेव्हा त्यांचा संबंध मेंदूशी जोडणं फार कठीण असतं.

औषधं अशी चालू होती : लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची एकत्रित गोळी, लेव्होडोपाचा डोस १५० मिलिग्रॅम, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता, जेवणखाण झाल्यावर. त्याबरोबर प्रॅमिपेक्सोल, दिवसातून तीनदा; ही दोन्ही पार्किन्सन्ससाठी. शिवाय निदानाच्याही आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची ॲम्लोडिपिनची गोळी आणि प्रोस्टेटसाठी एक गोळी. चारही औषधं वेगवेगळ्या काळात सुरू झालेली, त्यातली दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली. चारही एका कागदावर एकत्र लिहिलेली कुणी पाहिली नव्हती.

डायरी

न्यूरोलॉजिस्टची पुढची भेट दोन आठवड्यांवर होती. तोवर औषधात काहीही बदलायचं नाही, व्यायामही हलकेच ठेवायचे आणि फक्त नोंद करायची, असं मी सुचवलं. कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखले. गोळी किती वाजता घेतली, खाल्लं कधी, त्या वेळी अंग कसं होतं : मोकळं, जड की नको तितकं हलणारं, पडलो की पडता पडता वाचलो, आणि दिवसातून तीनदा रक्तदाब, आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी. मुलगा म्हणाला की मोबाइलवर ॲप आहे, त्यात भरू. काकांनी मात्र कागदच मागितला आणि रकाने स्वतःच्या हाताने भरायचं ठरवलं.

त्यांच्या या आग्रहाचा फार उपयोग झाला. आठवड्याने मी कागद पाहिले तेव्हा काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच अक्षराकडे लक्ष गेलं. सकाळी साडेनऊ-दहाच्या रकान्यातली अक्षरं ठसठशीत, सरळ, आरेखकाच्या वळणाची. अकरा-साडेअकरापर्यंत तशीच. साडेबाराच्या रकान्यात ती निम्म्यावर आलेली. दीडच्या रकान्यात इतकी बारीक आणि एकमेकांत घुसलेली की "जड" हा दोन अक्षरी शब्द मला काकूंना विचारून वाचावा लागला. साडेतीन-चारनंतर अक्षर पुन्हा मोठं. रात्री पावणेआठला पुन्हा मुंगीएवढं. रोज हाच क्रम. औषधाचा चढ-उतार त्यांच्या हाताने कागदावर उमटवला होता, आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवायला याहून चांगला पुरावा माझ्याकडे दुसरा नव्हता.

पडण्याच्या नोंदींचंही तसंच. एक रात्रीची सोडली तर सगळ्या नोंदी दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या आतल्या.

दुपारी नेमकं काय घडत होतं

इथे थोडं खोलात जायला हवं. मेंदूच्या मध्यभागी खोल असलेल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचालींची सहजता त्यावर अवलंबून असते. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचालींवर परिणाम दिसू लागतो तोवर त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. लेव्होडोपा मेंदूत पोचून त्याचं डोपामिन होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे औषध प्रत्यक्ष वापरात आलं आणि आजही त्याहून परिणामकारक गोळी नाही. पण ते रक्तात टिकतं फार थोडा वेळ. साधारण दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. पहिल्या काही वर्षांत हे जाणवत नाही, कारण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून जपून वापरतात. घरात पाण्याची मोठी टाकी असली की नळाला तीन वेळा पाणी आलं तरी दिवसभर पुरतं, तसं. पेशी कमी होत जातात तशी ही टाकी लहान होत जाते आणि मग शरीर रक्तातल्या औषधाच्या प्रमाणाबरहुकूम चालू लागतं. गोळी लागू झाली की माणूस "ऑन", उतरली की "ऑफ".

काकांची सकाळी आठची गोळी पावणेनऊला लागू व्हायची आणि सव्वाबाराच्या सुमारास उतरायची. पुढची गोळी दोनला. म्हणजे मधले पावणेदोन तास कोरडेच. त्यात ही दोनची गोळी भरल्या पोटी. लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. पोट भरलेलं असलं की गोळी जठरातच ताटकळते, आणि या आजारात जठर मुळातच मंदावलेलं असतं. शिवाय प्रथिनांच्या पचनातून सुटणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारे वाहक एकच. जेवणात प्रथिनं भरपूर असली की औषध मागे राहतं. त्यामुळे दोनची गोळी लागायला साडेतीन वाजायचे. दोन दिवस तर ती लागलीच नाही, अशी डायरीत नोंद होती. संध्याकाळीही अशीच पोकळी पडत होती, पण तेव्हा काका बहुतेक वेळ खुर्चीत बसलेले असायचे, पडणंही नव्हतं, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं.

पण एवढ्यावर थांबले असते तर प्रकरण अर्धंच सुटलं असतं. ऑफ असताना काका संध्याकाळीही उठायचे, पाणी प्यायला जायचे; जड जायचे, पण पडायचे नाहीत. दुपारी आणखी काहीतरी होत होतं. ते रक्तदाबाच्या रकान्यात सापडलं. सकाळी आडवं असताना वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी ११२. हे मुळातच बरं नव्हे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. दुपारच्या जेवणानंतर मात्र बसल्याजागीच ११० आणि उभं राहिल्यावर ८६. जेवण झालं की रक्त पचनाकडे वळतं. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळून घेतं. पार्किन्सन्समध्ये हे काम बघणाऱ्या नसाही आजारलेल्या असतात. त्यावर ॲम्लोडिपिन, त्यावर प्रोस्टेटची गोळी, त्यावर प्रॅमिपेक्सोल आणि खुद्द लेव्होडोपा. सगळीच दाब उतरवणारी.

मी काकांना विचारलं, डोळ्यांपुढे अंधारी येते का? ते नाही म्हणाले. चक्कर? तीही नाही. मग ते सहज बोलून गेले की जेवल्यावर उठलो की मान आणि खांदे दुखतात, मणक्याचं असेल म्हणून मलम लावतो, आडवं पडलं की थांबतं. उभं राहिल्यावर सुरू होणारं आणि आडवं पडल्यावर थांबणारं मान-खांद्याचं दुखणं हे पुष्कळदा कमी रक्तदाबाचं लक्षण असतं. त्या स्नायूंना रक्त अपुरं पडतं. चक्कर येत नाही म्हणजे दाब ठीक, असं धरून चालू नये. तो मोजावाच लागतो, आणि उभं करून मोजावा लागतो. दवाखान्यात खुर्चीत बसवून घेतलेला आकडा वर्षानुवर्षं "एकदम छान" येत होता.

तिसरा धागा जागेचा. जेवण झालं की काका हात धुवायला उठायचे. अरुंद बोळ, त्याच्या टोकाला डावीकडे वळून न्हाणीघराचं दार आणि उंबऱ्यावर फरशीचा रंग बदललेला. तिथे त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. या प्रकाराला फ्रीझिंग म्हणतात : शरीर पुढे जायला निघतं, पाऊल उचलत नाही. दारं, वळणं, अरुंद जागा, घाई आणि एकाच वेळी दोन कामं, ही त्याची नेहमीची कारणं. काकू मागून म्हणायच्या, "अहो, चला ना, मागे सगळं पडलंय." आणि हात धरून पुढे ओढायच्या. पाय जागेवर, धड पुढे.

दुपारी दोनला औषध उतरलेलं, रक्तदाब दिवसातला सर्वांत खाली आणि वाट सर्वांत अवघड, असं तिन्ही एकाच जागी येत होतं. काका या तिन्हींना "तोल गेला" असंच म्हणत. एकाच शब्दामागे तीन कारणं होती आणि तिघांचे उपाय वेगळे. किंबहुना परस्परविरोधी : नुसतं औषध वाढवलं असतं तर रक्तदाब आणखी उतरला असता.

रात्रीची गोष्ट

डायरीत आणखी एक गोष्ट उघड झाली, जिचा शोध मी घेतच नव्हते. रात्री एक ते तीनच्या रकान्यांत काकांनी "जागा" असं लिहिलं होतं, बहुतेक रोज. काकूंना वाटायचं लघवीला उठतात. मी काकांशी एकटीने बोलले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं की मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतात. थांबवायचं ठरवतात आणि थांबवता येत नाही. आयुष्यात कधी एक पैसाही लावला नव्हता. "या वयात ही बुद्धी कुठून आली कळत नाही," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

ही बुद्धी गोळीतून आलेली असू शकते, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. प्रॅमिपेक्सोल आणि त्या गटातली औषधं डोपामिनची नक्कल करतात आणि काही जणांमध्ये मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेला इतकी चेतवतात की जुगार, बेसुमार खरेदी, खादाडी किंवा कामवासना यांवर ताबा राहत नाही. हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे. तो औषध सुरू झाल्यावर लगेच किंवा कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. रुग्ण स्वतःहून क्वचितच सांगतात, कारण त्यांना तो आपल्या चारित्र्याचा डाग वाटतो. घरच्यांना हे औषध सुरू होतानाच सांगून ठेवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. काकांनी किती सोसलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यातलं बरंचसं एका वाक्याच्या सूचनेने टळलं असतं.

त्याच दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. "अहो, मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडून बोलत नाही आहात," एवढंच म्हणाल्या. बँकेचे व्यवहार काही काळ काकूंकडे द्यायचे, हे काकांनीच सुचवलं.

बदल, एकेक करून

न्यूरोलॉजिस्टनी डायरी शांतपणे वाचली, अक्षराकडे बघून हसले आणि सगळं एकदम बदलायला नकार दिला. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. मुलाला ही दिरंगाई वाटली. मला ती योग्यच वाटली.

सुरुवात वेळेपासून झाली. लेव्होडोपाचा दिवसभराचा डोस ४५० वरून ५०० मिलिग्रॅम, म्हणजे वाढ नावालाच. पण तो १०० च्या पाच भागांत विभागला : सकाळी ६, साडेनऊ, पाऊण, सव्वाचार आणि पावणेआठ. प्रत्येक गोळी जेवणाआधी किमान अर्धा तास, पाण्याबरोबर. प्रथिनं कमी करायला सांगितलं नाही. या आजारात वजन घटण्याचा धोका असतो आणि उगाच प्रथिनं तोडली तर स्नायू जातात. जेवण आणि गोळी यांत अंतर राखून भागलं नाही तरच प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणाकडे सरकवायचा, असं ठरलं. तशी वेळ आली नाही. बद्धकोष्ठावर मात्र नेमाने उपाय सुरू झाले, कारण पोट साफ नसलं की गोळीचा भरवसा राहत नाही.

गजर पाच लावले. पहिल्या आठवड्यात पाऊणचा गजर दोनदा चुकला, दोन्ही वेळा पाहुणे आले होते. चारचौघांत गजर वाजला की काकांना संकोच वाटायचा. मग मुलाने त्यांना थरथरणारं मनगटी घड्याळ आणून दिलं.

नंतर रक्तदाब. ॲम्लोडिपिन फिजिशियननी बंद केलं आणि आकड्यांवर लक्ष ठेवलं. प्रोस्टेटची गोळी मूत्ररोगतज्ज्ञांनी चालूच ठेवली; ती थांबवली तर लघवी अडण्याची शक्यता जास्त होती. बाकी उपाय साधे. अंथरुणाची डोक्याकडची बाजू उंच केली, कारण अशा रुग्णांमध्ये दाब उभं असताना उतरतो आणि आडवं असताना चढतो. दुपारचं जेवण दोन भागांत विभागलं. जेवणानंतर उठण्याआधी दोन पेले पाणी थोड्या वेळात प्यायचं. त्याने काही मिनिटांत दाब थोडा वर येतो. उठण्याआधी बसल्या बसल्या पावलं वर-खाली, मुठी आवळणं-सोडणं, मग उभं राहून खुर्ची धरून मनात तीसपर्यंत मोजणं आणि त्यानंतर पहिलं पाऊल. पोटाभोवती घट्ट पट्टा सुचवला होता, पण उकडतं म्हणून काकांनी तो सोडून दिला.

शेवटी प्रॅमिपेक्सोल. ते अचानक तोडता येत नाही. घाम, घालमेल, टोकाची उदासी येऊ शकते. हळूहळू कमी करत काही आठवड्यांत बंद केलं. या काळात काका खरोखरच खचले. सकाळी उठायला नको म्हणायचे, मी गेले की "आज राहू द्या" म्हणायचे. उदासी हा या आजाराचा स्वतःचाही भाग असतो आणि ती औषध सोडल्यानेही येते. न्यूरोलॉजिस्टनी त्यावर वेगळं औषध दिलं आणि फोनवर विचारपूस ठेवली. रात्रीचा खेळ मात्र थांबला. काकांच्याच शब्दांत, "मोबाइल हातात घेतो, पण ओढ वाटत नाही."

प्रॅमिपेक्सोल गेल्यावर ऑफचा वेळ थोडा वाढला. तेव्हा लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारं एन्टाकॅपोन जोडलं. तीन दिवसांनी काकूंचा सकाळी सकाळी घाबरून फोन आला, लघवी केशरी होतेय म्हणून. या औषधाने तसं होतं, त्यात धोका नाही. चिठ्ठीवर ते लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि बारीक टायपात.

बोळातलं वळण

माझं खरं काम इथे होतं. बोळाच्या टोकाला मी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, एका पावलाच्या अंतराने, वळणावर पंख्यासारख्या पसरवून. फ्रीझिंगमध्ये आपोआप चालण्याची यंत्रणा अडते, पण डोळ्यांना किंवा कानांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेने, जाणीवपूर्वक पाऊल उचलू शकतो. पट्टीवर पाय टाकायचा नाही, पट्टी ओलांडायची. काका आरेखक, रेषा दिसली की त्यांना तिचं भान आपोआप राहायचं. पहिल्याच दिवशी ते वळण न अडखळता पार झालं आणि ते मागे फिरून पुन्हा, पुन्हा करत राहिले.

पट्ट्या सगळीकडे लावता येत नाहीत. म्हणून पाय चिकटले की काय करायचं, याचा क्रम पक्का केला. आधी थांबायचं, पुढे जायची धडपड पूर्ण सोडायची. सरळ व्हायचं, श्वास सोडायचा. वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग "एक" म्हणत मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नाही. घड्याळाचा काटा फिरावा तसं पावलं टाकत मोठं वळण. चालताना हातात काही धरायचं नाही आणि बोलायचं नाही.

काकूंनाही शिकवलं, आणि त्यांना शिकवणं जास्त महत्त्वाचं ठरलं. ओढायचं नाही, "चला" म्हणायचं नाही. शेजारी उभं राहून आपला पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवायचा आणि म्हणायचं, "हा ओलांडा." काकूंचा पहिला प्रश्न होता, "पाय आडवा घातला तर पडणार नाहीत?" मी करून दाखवलं. मग त्यांनी केलं. काकांनी पाय सहज ओलांडला तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने त्या जिवाच्या आकांताने ज्या हाताला धरून ओढत होत्या, त्याची गरजच नव्हती.

व्यायाम वेळापत्रकाला जोडून घेतले. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने, अंग मोकळं असताना. मोठ्या हालचाली, हात उंच, पावलं लांब, टाळीच्या तालावर चालणं. घाम येईल इतका जोर. पार्किन्सन्समध्ये व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याची सवय आजाराच्या पहिल्या वर्षापासून लागायला हवी. काकांना ती सात वर्षांनी लागली. आवाज खाली गेला होता, म्हणून वाचाउपचार सुरू केले. मोठ्याने वाचताना काकांना आपण ओरडतोय असं वाटतं, ऐकणाऱ्याला मात्र ते साधं बोलणं वाटतं. हा फरक त्यांना ध्वनिमुद्रण ऐकवल्यावरच पटला.

मुलाचा प्रश्न आणि आजची स्थिती

मधल्या काळात मुलाने मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलं. ऑफचा वेळ आणि अनावर हालचाली कमी करायला ती खरोखर उपयोगी आहे. पण ढोबळ नियम असा की कंप सोडला तर लेव्होडोपाच्या सर्वोत्तम प्रहरात जे सुधारतं, तेच शस्त्रक्रियेने सुधारतं. रक्तदाब उतरून पडणं तिने थांबत नाही, ऑन असतानाचं फ्रीझिंगही सहसा जात नाही. न्यूरोलॉजिस्टनी पर्याय खुला ठेवला आहे. गोळ्यांच्या वेळा अशा बसल्यावर ऑफचा किती वेळ उरतो, ते वर्षभर पाहून ठरवू म्हणाले.

सहा महिन्यांनंतर दुपारी पडणं जवळपास थांबलं आहे. या काळात काका एकदा पडले, बाहेर, गर्दीत, मागून कुणी हाक मारल्यावर एकदम वळताना. रात्रीसाठी पलंगाजवळ लघवीचं भांडं आणि पायापाशी आपोआप लागणारा दिवा ठेवलाय. उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी रक्तदाबाचा वरचा आकडा आता १०८च्या आसपास असतो. आदर्श नाही, पण मान दुखत नाही. दोन गोळ्यांच्या मध्यावर हात किंचित वळवळतात. काकांना त्याचं काही वाटत नाही, काकूंना ते बघवत नाही. दोघांनी मिळून तूर्त औषध कमी न करायचं ठरवलं. पाणी पिताना अधूनमधून ठसका लागू लागलाय, त्याची तपासणी व्हायची आहे.

काकूंच्या झोपेकडे आणि पाठीकडे या सगळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. आता आठवड्यातून दोन दुपारी मुलगा घरी थांबतो आणि काकू बाहेर पडतात. सुरुवातीला त्या तासाभरात परत यायच्या, आता संध्याकाळ होते.

डायरी रोज भरणं बंद केलं आहे. तपासणीच्या आधीचे तीन दिवस तेवढी भरायची. आणखी एक कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे, अचानक इस्पितळात न्यावं लागलं तर बरोबर न्यायला. तो काकांनी ऑन असताना ठळक अक्षरांत लिहिला. पाचही गोळ्यांच्या वेळा. "गोळ्या इस्पितळाच्या वेळापत्रकाने न देता याच वेळांना द्याव्यात. लेव्होडोपा अचानक बंद करू नये. तोंडाने घेता येत नसेल तर न्यूरोलॉजिस्टना ताबडतोब कळवावं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि भ्रम झाल्यास हॅलोपेरिडॉल देऊ नये, ही औषधं डोपामिन अडवतात." खाली न्यूरोलॉजिस्टचं नाव, मुलाचा नंबर आणि कोपऱ्यात काकांची पूर्ण सही, आडनावासकट. प्रती तीन काढल्या आहेत : एक दाराला, एक काकूंच्या पर्समध्ये, एक मुलाकडे.